आतला माणूस

प्रत्येक सोसायटीत एक असतोच; आमच्या वाट्याला नाना आलेत. तुम्ही नुसतं 'गॅस संपलाय' म्हणा. नाना इकडेतिकडे बघणार आणि हळूच सांगणार, "आपली सेटिंग आहे."

इंग्रजीत सेटिंग म्हणजे अंगठीतल्या खड्याचं कोंदण, नाहीतर नाटक घडतं ते स्थळ. गरीब बिचारं नाम! मराठीत आल्यावर त्यानं बाळसं धरलं. मोबाइलची सेटिंग बिघडते, कॉलेजच्या कट्ट्यावर पोरांची जमते, टेंडरची तर आधीच झालेली असते. नानांचं मात्र अख्खं व्याकरणच तेवढ्यावर भागतं. शाळाप्रवेश? सेटिंग. लालबागच्या राजाचं दर्शन? सेटिंग. यंदा पाऊस लांबला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "नाना, वर कुठे जमतंय का बघा." नाना गंभीर झाले. "कुलाबा वेधशाळेत एक जण आहे."

सेटिंग नेमकी कुणाशी, हे विचारायचं नाही. "आतला माणूस आहे," एवढंच. नानी म्हणतात, "आतली मीच. मला तर कोणी काही विचारत नाही!"

गणपतीत आईला सावंतवाडीला जायचं होतं. कोकणच्या गाड्यांचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि चहा गाळून होईपर्यंत वेटिंगवर जातं. उरलं तत्काळ. नाना म्हणाले, "सेटिंग आहे."

आदल्या दिवशी पहाटे दुधाला निघालो, तर स्टेशनच्या बंद खिडकीपुढे घडीचं स्टूल, कानटोपी, मांडीवर शब्दकोडं. पहिला नंबर! स्लीपरचं तत्काळ ११ वाजता उघडतं. मागच्या पोराला नाना सांगत होते, "आत माझी सेटिंग आहे रे. पण रांगेत बसलेलं बरं."

दुपारी तिकीट आलं, सुट्या पैशांसकट.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची बाटलीही 'सेटिंग'नंच मिळाली होती. त्या संध्याकाळी नानांच्या कोपराच्या खोबणीत चिकटपट्टी होती. डास चावला म्हणाले. डासाला कोण पट्टी लावतं, हे तेव्हा आमच्या डोक्यातच आलं नाही.

आता माझं आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करायचंय. नानांची सेटिंग आहेच. मी म्हटलं, "पहाटे मीही येतो की."

नाना दचकले. "छे छे! तुम्हाला बघून आमचा माणूस बिथरेल."