एक रामरक्षा होईस्तोवर

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं टिकतो. ध्यानाला याहून उत्तम वेळ नाही, असं शास्त्र सांगतं. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत नेमकं त्याच वेळी पाणी येतं. शास्त्र आणि नळ यांच्यातला हा तंटा गेली बावीस वर्षं माझ्यासमोर चालू आहे आणि एकदाही शास्त्राच्या बाजूने निकाल लागलेला नाही. बादली भरेपर्यंत डोळे मिटून बसायचा प्रयोगही करून झाला. मन एकाग्र झालं, नाही असं नाही. फक्त ते बादलीवर झालं.

मी हिशेबखात्यात नोकरी करते. एखादी गोष्ट सापडत नसली की आमच्या लोकांना एकच उपाय सुचतो : कागद घ्या, जमा-खर्च मांडा. एका रविवारी मी दिवसाचा ताळेबंद मांडला. झोप सहा तास, ऑफिस साडेआठ, लोकल येऊन-जाऊन अडीच, स्वयंपाक, कपडे, भाजी, सासूबाईंची औषधं, मुलीच्या क्लासची वाट पाहणं. बेरीज झाली चोवीस तास वीस मिनिटं. म्हणजे मी देवासाठी वीस मिनिटं शोधायला निघाले होते आणि हाती आली ती वीस मिनिटांची उधारी.

मुलीने फोनवर ध्यानाचं अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई फार गोड आवाजात सांगते, दीर्घ श्वास घ्या. संध्याकाळी कुर्ल्याला लेडीज डब्यात आणखी वीसजणी चढल्या की श्वास दीर्घ घ्यायचा झाला तर शेजारणीची परवानगी लागते. तीन दिवस अ‍ॅप उघडलं नाही तर चौथ्या दिवशी आठवण येते : तुम्ही तीन दिवस शांत बसलेला नाहीत. आयुष्यभर इतरांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या. शांततेची थकबाकी आपल्यावर निघेल असं वाटलं नव्हतं.

नवरा माझ्यापेक्षा धाडसी. तो सरळ इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेला. पहाटे चारची घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, फोन जमा आणि तोंड बंद. परत आला तो चेहऱ्यावर तेज घेऊन. बूट काढता काढता म्हणाला, “एक कळलं, सगळं अनित्य आहे.”

“सिलिंडरसुद्धा,” मी म्हटलं. “काल रात्री संपला.”

पण तिकडून त्याने माझ्यासाठी एक गोष्ट आणली. इगतपुरीचे गोएंका गुरुजी ज्यांच्याकडे शिकले, ते सयाजी ऊ बा खिन हिशेबखात्यातलेच! ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, ४ जानेवारी १९४८ला, ते त्या देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. पुढे एकाच वेळी अनेक खात्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. आणि हा गृहस्थ कचेरीतच आपल्या लोकांना ध्यान शिकवायचा. १९५५मध्ये अर्धशिशीने हैराण झालेले व्यापारी सत्यनारायण गोएंका त्यांच्याकडे आले ते डोकेदुखी जावी म्हणून. मला त्या कचेरीतल्या कारकुनांचा फार हेवा वाटला. आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आल्यावर डोकेदुखी जाते असा अनुभव अजून कुणालाही नाही.

मग आपल्याकडचे हिशेबनीस आठवले. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असतानाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, चूक सापडली आणि आनंदाने टाळ्या वाजवल्या. एक पै सापडल्याचा एवढा आनंद, तर देव सापडल्याचा केवढा होईल, असं स्वामी म्हणाले. मला लहानपणी वाटायचं, मध्यरात्री टाळ्या वाजवून गुरूंना उठवल्यावरही मार कसा बसला नाही? या मार्चमध्ये ती गोष्ट निराळी कळली. ५४० रुपयांचा फरक येत होता. फरकाला नऊने भाग गेला की बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. शोधता शोधता १,८२०चे १,२८० झालेले सापडले. मान वर केली तेव्हा चहावर साय धरली होती आणि दीड तास उलटून गेला होता. त्या दीड तासात नळ नाही, औषधं नाहीत, फोन नाही, मी सुद्धा नाही. टाळ्या तेवढ्या वाजवल्या नाहीत. ऑफिसात बरं दिसत नाही. म्हणजे मन लागत नाही ही तक्रार खोटी होती. ते लागतं, फक्त कुठे लागतं ते बघण्यासारखं आहे.

माझी आजी रत्नागिरीकडची. तिच्याकडे घड्याळ होतं, पण ओटीवरच्या भिंतीला. चुलीपाशी बसल्यावर ते दिसायचं नाही, म्हणून स्वयंपाकघरातली मापं निराळी होती. भाताला एक रामरक्षा. दूध तापायला अथर्वशीर्ष. आजोबा शेजारी ‘आलोच हं’ म्हणून गेले की विष्णुसहस्रनाम, आणि तेही संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. आम्हा पोरांना भूक लागली की ती म्हणायची, “थांबा रे, अर्धी रामरक्षा राहिलीय.” मधेच मांजर दुधाकडे वळायचं. त्याच सुरात, ताल न सोडता, “मांजर बघ गं” म्हणून ती पुढच्या श्लोकावर जायची. ते शब्द रामरक्षेतलेच आहेत अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

ताळेबंदात माझं काय चुकलं ते आजीकडे बघून कळतं. मी देवाला खर्चाच्या बाजूला टाकला होता, औषधं आणि क्लासच्या खालोखाल, आणि मग शिल्लक उरत नाही म्हणून हळहळत होते. आजीच्या हिशेबात तो जमेलाही नव्हता आणि खर्चालाही नव्हता. ती त्यानेच मोजायची. आम्ही वेळ मोजून देवाला देतो. ती देवाचं नाव घेऊन वेळ मोजायची, आणि भात कधी करपला नाही.

बुधकौशिक ऋषींना रामरक्षा शंकरांनी स्वप्नात सांगितली आणि त्यांनी ती पहाटे उठून लिहून काढली. मला पहाटेच्या स्वप्नात जीएसटीचं रिटर्न दिसतं. पण लहानपणचं पाठांतर कुठे जात नाही. गेल्या आठवड्यात कुकर लावला, फोन बाहेरच्या खोलीत ठेवला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या सुरुवात केली. थोडं अडखळले, पण कवचाच्या श्लोकांपाशी आल्यावर जीभ आपोआप चालू लागली. रामाने मस्तक राखावं, कपाळ राखावं, मग डोळे, कान, नाक, असं करत पार पावलांपर्यंत एकेक अवयव त्याच्या हवाली करायचा. तेव्हा एकदम जाणवलं : नवऱ्याला इगतपुरीला डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायला शिकवलं होतं. दोन्ही एकच, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. तिकडचे आणि इकडचे दोघेही रागावतील. पण आजी रोज भाताच्या आधणापाशी या वाटेने वरून खाली उतरत होती, त्यासाठी तिने कधी रजा टाकली नाही.

उतरता उतरता मी गुडघ्यांपाशी पोचले. दोन जिने चढून आल्याने ते ठणकत होते. तिथे जरा रेंगाळले. रामालाही सांगितलं, इथे थोडं जास्त लक्ष असू दे. मग पोटऱ्या, मग पावलं, मग फलश्रुती.

“आई, किती शिट्ट्या झाल्या?” बाहेरून मुलीने विचारलं.

मला माहीत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला कशाचा तरी आकडा माहीत नव्हता.

वरणाचा पार गाळ झाला होता. नवऱ्याने ताटात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक अक्षर न बोलता जेवला. इगतपुरीचे दहा दिवस अगदीच वाया गेले नाहीत म्हणायचे.