कमरेचा शेक

गारगोटीत थंडी पडत नाही असं नाही. पण बुडाखाली जाळ करून बसावं एवढी नक्कीच पडत नाही. तरीही मी घेतलेल्या जुन्या गाडीला गरम होणारी सीट होती. १९६६ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं ही सोय दिली, ती बर्फात गारठणाऱ्यांसाठी. वेदगंगेकाठच्या माणसाचं तिच्यावाचून काहीच अडलं नव्हतं. पण आई बाजूच्या सीटवर बसली, मी बटण दाबलं आणि ती म्हणाली, "आगं बया, कंबर शेकती की रं!"

आठवडाभरात सीट थंड पडली. दिवा लागे, धग नाही. गाडी विकणाऱ्याच्या नावानं मी रोज सकाळ-संध्याकाळ बोटं मोडली आणि रविवारी स्वतःच दुरुस्तीला बसलो.

सीटखाली पिवळा प्लग दिसला. पिवळा म्हणजे एअरबॅगचा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ हात लावायचा नाही, एवढं ठाऊक होतं. तेवढ्यात एक चहा आणि तीन शेजारी झाले. चार बोल्ट काढून सीट ओसरीवर आणली. कव्हर लोखंडी कड्यांनी फोमला आवळलेलं. पकडीनं एकेक कडी उलगडताना बोटांची सालं निघाली. आत तंत्रज्ञान म्हणून काय, तर कापडावर नागमोडी शिवलेली बारीक तार. इस्त्रीची धाकटी बहीणच.

शेवटी शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या मामांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला, तार चाचपली आणि विचारलं, "हितं गुडघा कुणी टेकला हुता?"

मी गप्प. गाडी आणली त्या दिवशी डॅशबोर्डवर जोतिबाचा फोटो चिकटवायला मीच त्या सीटवर गुडघे टेकले होते. विकणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. फोनवर मागायचं धाडस झालं नाही.

"डाग देऊन टाका," मी म्हणालो.

"ही हीटरची तार, हिला डाग धरत न्हाई," मामा म्हणाले. बारा व्होल्टवर साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर. जोड ढिला राहिला तर सगळी धग त्या एका टिपक्यात गोळा होऊन कव्हर जळणार. त्यांनी तुटकी टोकं तांब्याच्या नळीत घालून करकचून दाबली, वर मोटारीच्या वायंडिंगची स्लीव्ह चढवली. पैसे घेतले नाहीत. फक्त कड्या परत बसवून सीट गाडीत लागल्यावर बराच वेळ तिच्यावर बसून राहिले.

आता रोज दिवेलागणीनंतर आई गाडीत जाऊन बसते. इंजिन चालू, गाडी जागेवर. मग शेजारच्या काकू, त्यांच्या जाऊबाई, असा नंबर लागतो. मला कुठं निघायचं असलं तर आतून आवाज येतो, "हलवू नगंस रं, आत्ताशी कुठं तापाय लागलीया."

गेल्या महिन्यात दोन हजारांचं डिझेल गेलं. गाडी अंगणाबाहेर दोनदाच पडली, दोन्ही वेळा डिझेल भरायला.