अपृच्छक

पृच्छा म्हणजे विचारणे आणि जो वाट कधीही विचारत नाही तो अपृच्छक, अशी सोयीची व्याख्या करून घेतल्यास गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर झपाट्याने वाढलेल्या एका मनुष्यप्रकाराचा अभ्यास पुष्कळ सोपा होतो. हा प्रकार सर्वच जिल्ह्यांत आढळत असला, तरी त्याच्या निरीक्षणासाठी गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे स्थळ विशेष अनुकूल आहे; कारण तेथे 1923 साली पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाचा तलाव आहे, नागझिऱ्याचे जंगल आहे, त्या जंगलात शिरण्याचे एक प्रवेशद्वार आहे, आणि तेथवर पोचताना शेवटच्या टप्प्यात कोणाला तरी काहीतरी विचारण्याची वेळ आल्याशिवाय राहत नाही.

अपृच्छक बहुधा नागपूरचा, पन्नाशी ओलांडलेला, नोकरीत मुरलेला आणि स्वतःच्या मोटारीचा हप्ता फेडून मोकळा झालेला असतो. त्याच्या मोटारीत पूर्वी मध्यभागी विराजमान असलेला गणपती आता एका बाजूला सरकवलेला असून त्या जागी स्प्रिंगच्या चिमट्यात स्मार्टफोन उभा केलेला असतो, आणि निघण्यापूर्वी नमस्कार गणपतीला होत असला तरी विश्वास कोठे आहे हे नजरेवरून कळते. फोनमधील आवाजाने ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ असे सांगताच अपृच्छक ‘उजवीकडे’ हा शब्द मोठ्याने उच्चारतो, आणि तोही अशा थाटात, की मूळ हुकूम आपल्याच कार्यालयातून सुटला असून फोनने केवळ त्याची प्रत वाचून दाखवली, असा मागे बसलेल्यांचा समज व्हावा.

न विचारण्याचे मूळ अज्ञानात नसून हिशेबी स्वभावात आहे. पूर्व विदर्भात वाट विचारणे हा एका वाक्याचा व्यवहार कधीच नव्हता. पानठेल्याजवळ गाडी थांबवून काच खाली करताच ‘कोणाकडे जाता जी?’ असा उलट प्रश्न येतो, त्याच्या उत्तरातून आडनाव निघते, आडनावातून गाव निघते, गावातून कोणाचा तरी साळा किंवा भाचा निघतो, आणि अखेरीस ‘जवळच आहे जी’ हा निर्वाळा मिळतो, ज्यातील ‘जवळ’ हे अंतर दीड किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत काहीही असू शकते. शिवाय सांगणाऱ्यालाही त्याच बाजूला जायचे असेल, तर तो मागच्या आसनावर जागा करून घेतो. अपृच्छकाला हे ऋण नको असते. आकाशातील उपग्रह कोणाकडे चाललात असे विचारत नाही, म्हणून तो त्याला सज्जन वाटतो. मात्र हातातील नकाशाचे ॲप हाच प्रश्न सर्वांत आधी विचारते, आणि पानठेल्यावरचा माणूस जे संध्याकाळपर्यंत विसरला असता ते ॲप वर्षानुवर्षे लक्षात ठेवू शकते, हा भाग त्याच्या विचारात येत नाही.

या हिशेबी स्वभावाचे दुसरे अंग म्हणजे डेटाची काटकसर. डेटा म्हणजे इंटरनेटवरून फोनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीचे माप, आणि ते एमबी व जीबी या एककांत मोजले जाते; सुमारे हजार एमबींचा एक जीबी होतो. अपृच्छकाची पिढी अशा काळात वाढली, जेव्हा घरातील रेडिओसाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे, आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होती. आकाशातून जे जे येते त्याचे बिल कोठे ना कोठे फाडले जाते, हा सिद्धांत त्याच्या मनात तेव्हापासून रुजलेला आहे. त्यामुळे जीपीएस चालू असणे म्हणजे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या यंत्राशी सतत बोलत राहणे होय, आणि इतक्या लांबच्या बोलण्याला डेटाही तसाच लागत असला पाहिजे, असे तो मानतो.

वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची व्यवस्था असून तिचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक उपग्रह ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे’ एवढेच अखंड सांगत राहतो. फोन ते नुसते ऐकतो, उलट काहीही कळवत नाही, आणि किमान 4 उपग्रहांचे संदेश पोचण्यास लागलेल्या वेळांवरून स्वतःचे स्थान काढतो. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो, यावरून त्या घड्याळांच्या अचूकपणाची कल्पना यावी. या ऐकण्याला डेटा लागत नाही, जसे आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरील बातम्या ऐकल्याने केंद्राचे काही कमी होत नाही. डेटा लागतो तो नकाशाची चित्रे उतरवून घेण्यास, ठिकाण शोधण्यास आणि रहदारीची ताजी खबर आणण्यास; आणि तोही तासाभराच्या प्रवासाला सहसा काही एमबी, म्हणजे मागच्या आसनावरची एखादी चित्रफीत मिनिटभरात फस्त करते तेवढा.

अपृच्छक मात्र शहराची हद्द ओलांडताच डेटा बंद करतो. फोनला उपग्रहांच्या कक्षांची माहिती एरवी इंटरनेटवरून काही क्षणांत मिळते. ती मिळाली नाही तर उपग्रहांकडून सेकंदाला 50 बिट, म्हणजे मुंगीच्या पावलाने, घ्यावी लागते आणि त्यात अर्धा मिनिट तरी जातो. तेवढा धीर नसल्याने अपृच्छक फोन बंद करून पुन्हा चालू करतो, ज्यायोगे तो अर्धा मिनिट पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. याच वेळी त्याच्या पत्नीच्या फोनवरील हॉटस्पॉटमधून, म्हणजे एका फोनचा डेटा इतरांना वाटण्याच्या सोयीतून, मुले शेकडो एमबी उडवत असतात. पण तो खर्च डोळ्यांआड होत असल्याने हिशेबात धरला जात नाही. सर्वांत करुण बाब अशी, की रोजच्या दीड जीबीतून वाचवलेला डेटा मध्यरात्री आपोआप संपतो. रात्री उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देता येते, तशी उरलेल्या डेटाला देता येत नाही, हे माहीत असूनही रात्री अकरा वाजता ‘एक जीबी वाचला’ असे जाहीर करताना त्याचा चेहरा कृतार्थ दिसतो.

अशा माणसाच्या हाती इतकी सूक्ष्म विद्या विनासायास यावी, हा इतिहासाचाही एक विनोद आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी 1802 साली मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून वाहून नेत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि 1823 साली नागपूरच्या वाटेवर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जीपीएस आले तरी नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम घोळ मिसळला जात असे, आणि त्यामुळे स्थान शंभरेक मीटरने चुकू शकत असे. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तो 1 मे 1999 रोजी, आणि बरोबर एका वर्षाने, 1 मे 2000 रोजी, हा घोळ थांबवण्याची घोषणा अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केली. धानाच्या प्रदेशात ही सुधारणा लहान नव्हे, कारण तेथे शंभर मीटरांचा फरक म्हणजे डांबरी रस्ता आणि गुडघाभर चिखलाची बांधी यांतला फरक असतो.

आता प्रत्यक्ष प्रवास. गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे दोन निरनिराळे तालुके आहेत, आणि टोला किंवा टोली हे शेपूट लावलेल्या वस्त्या तर मोजण्यापलीकडे आहेत. तेव्हा नाव अर्धवट लिहिणाऱ्याचे येथे काही खरे नसते. 2013 साली व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झालेल्या नागझिऱ्याला अनेक प्रवेशद्वारे असून पिटेझरी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, तर चोरखमारा तिरोडा तालुक्यात पडते. सफारीच्या परवान्यावर चोरखमारा स्पष्ट छापलेले असताना अपृच्छक फोनमध्ये नुसते ‘नागझिरा’ लिहितो, साकोलीच्या बाजूने थेट पिटेझरीला जाऊन थडकतो आणि तेथे फाटकावर परवाना उलटसुलट वाचून झाल्यावर जंगलाला वळसा घालण्यास निघतो. नकाशात दोन फाटकांमध्ये सरळ रेघा दिसतात, पण त्या वनखात्याच्या आतल्या वाटा असतात, आणि वाघांना त्यांवरून जाण्यास परवाना लागत नाही म्हणून नागपूरकरांनाही लागत नसावा, हा युक्तिवाद फाटकावर चालत नाही.

वळसा अर्धा होतो न होतो तोच पडद्यावरचा नकाशा नाहीसा होतो, कारण तो आधी उतरवून ठेवलेला नसतो आणि डेटा चालू केला तरी रेंज नसते. उरतो तो पांढऱ्या पडद्यावरचा एक निळा ठिपका. हा ठिपका अत्यंत अचूक असतो. अपृच्छक कोठे आहे हे फोनला काही मीटरांपर्यंत ठाऊक असते, फक्त ते ‘कोठे’ म्हणजे कोठे, हे अपृच्छकाला ठाऊक नसते. आपण पृथ्वीवरील कोणत्या बिंदूवर आहोत हे उपग्रहांवरून कळते, त्या बिंदूवर कोणते गाव आहे हे नकाशा सांगतो, पण त्या गावचा पूल पावसात वाहून गेला हे तेथला माणूसच सांगू शकतो, हा ज्ञानाचा क्रम तो याच ठिकाणी शिकू शकला असता. तो मात्र फोन उंच धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. बाजूलाच मोहाच्या झाडाखाली टोपलीत फुले वेचणारी एक बाई हा विधी शांतपणे पाहत असते. अखेर पत्नी ‘अहो, थांबा जरा’ म्हणून काच खाली करते आणि चोरखमाऱ्याची वाट विचारते. ‘तलावाची पाळ दिसेस्तोवर सिद्धे जा, अन् मग पाळ सोडू नका जी,’ एवढ्या एका वाक्यात दिशादर्शन पूर्ण होते. गाडी पाळीला लागल्यावर अपृच्छक म्हणतो, की फोनसुद्धा हाच रस्ता दाखवणार होता.

फाटकावर त्याची खरी परीक्षा होते. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात सफारीच्या वेळी मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने फोन बंद करून फाटकावर ठेवावा लागतो, आणि तो देताना अपृच्छक उसासा टाकतो, की तसाही येथे रेंजशिवाय फोनचा उपयोग काय. यावर तेथला वनरक्षक आपला फोन दाखवतो. वनरक्षक ज्या ‘एम-स्ट्राइप्स’ नावाच्या प्रणालीवर गस्तीची नोंद ठेवतात, तीत पायी फिरलेली वाट जीपीएसच्या आधारे फोनमध्ये उमटत जाते, रेंज असो वा नसो, आणि परत आल्यावर ती माहिती वर पाठवली जाते. दिवसभर डेटाचा एक कण न खर्चता तेच उपग्रह वापरणारा हा माणूस पाहून अपृच्छक क्षणभर गप्प होतो. त्याने आजवर ज्याची काटकसर केली ते मुळात फुकट होते.

सफारीत सोबत स्थानिक वाटाड्या असतो. तो धुळीतली पावलांची खूण पाहतो, वानरांची धांदल पाहतो आणि अचानक हात वर करून गाडी थांबवतो. ‘कॉल आहे,’ असे तो कुजबुजतो. जंगलाच्या भाषेत कॉल म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागताच चितळाने किंवा सांबराने दिलेला इशारा. पण अपृच्छकाचा हात सवयीने खिशाकडे जातो, रिकामा खिसा चाचपतो आणि तेथेच थांबतो. दूरवरून तोच तीक्ष्ण आवाज पुन्हा येतो. गाडीतले सगळे वाटाड्याच्या तोंडाकडे पाहत असतात, आणि अपृच्छकही पुढे झुकून, अगदी हलक्या आवाजात, विचारतो, ‘कोणत्या बाजूनं, भाऊ?’