जपानकर

खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. सोसायटीत ते जपानकर. सासवडचा सासवडकर, नागावचा नागावकर, या हिशेबानं जपानकर व्हायला माणसाच्या निदान तीन पिढ्या तिथं गेलेल्या असाव्यात. यांचे तीन महिने गेलेत. कंपनीनं ट्रेनिंगला नागोयाला धाडलं होतं. माणूस परत आला, पण सगळा नाही आला. फोनवर बोलताना अजून कमरेत वाकतो. वॉचमनला 'वॉचमन-सान' म्हणतो आणि वॉचमनची समजूत आहे की आपल्याला बढती मिळाली.

तसं पुण्यात जपानी शिकलेली माणसं पैशाला पासरी मिळतात. जपानी भाषेच्या परीक्षेला एन-5 ते एन-1 अशा 5 पायऱ्या. एन-5 सगळ्यांत खालची. एन-1 झालेली एक मुलगी आमच्याच इमारतीत राहते आणि जपानबद्दल अवाक्षर काढत नाही. जपानकर एन-5 आहेत. त्यामुळे बोलण्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर पडते.

या गृहस्थांची लेक छकुली यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार वर्षांची झाली आणि वाढदिवस जपानी पद्धतीनं करायचा, असं त्यांनी ठरवलं. छकुलीचं स्वतःचं मागणं साधं होतं. तिला डोरा केक हवा होता आणि डोरेमॉन हवा होता.

"कार्टून म्हणजे जपान नव्हे," जपानकर म्हणाले.

"जपानच्या परराष्ट्र खात्यानं 2008 साली डोरेमॉनला ॲनिमेचा राजदूत नेमलाय," त्यांच्या बायकोनं सांगितलं. "तुला अजून कुणी नेमलेलं नाही."

पण जपानकर सरकारी निर्णयांनी डगमगणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी वाढदिवस दोन दिवस पुढे ढकलून 5 मेवर नेला, कारण त्या दिवशी जपानात 'कोदोमो नो हि' म्हणजे बालदिन असतो. हा सण पूर्वी मुलग्यांचा, मुलींचा बाहुल्यांचा सण 3 मार्चला, हे बायकोनं शोधून काढलं. त्यावर 1948 पासून हा दिवस सगळ्याच मुलांचा आहे, हे जपानकरांनी शोधून काढलं. या घरात इंटरनेटचा वापर प्रामुख्यानं एकमेकांविरुद्धच होतो.

मग आकड्याची भानगड निघाली. जपानीत चारचा एक उच्चार मरणाच्या शब्दासारखाच होतो, म्हणून तिथं चार आकडा टाळतात. काही इस्पितळांत त्या नंबरची खोली नसते, भेटवस्तू चार नगांत देत नाहीत. तेव्हा केकवर 4? अशक्य.

"अरे, पण पोर चार वर्षांची झाली, त्याला आता कोण काय करणार?" जपानकरांच्या आई म्हणाल्या. या आजी म्हणजे त्या घरातलं खरं सरकार.

जपानकरांनी रात्र जागवून तोड काढली. जुन्या जपानी मोजणीत जन्मताच मूल एक वर्षाचं धरतात आणि पुढे प्रत्येक नववर्षाला एकेक वाढवतात. म्हणजे छकुली पाचाची.

"मग मी वेगळं काय म्हणतेय? पाचवं लागलं," आजी म्हणाल्या.

केकवर 5 घालायचं ठरलं. छकुलीनं दुसऱ्याच दिवशी बागेत जाऊन आपण आता मोठ्या गटात असल्याचं जाहीर केलं आणि मोठ्या मुलांचा झोपाळा ताब्यात घेतला. दोन आयांची भांडणं झाली. मोजणी जुनी जपानी आहे, हे त्यांना पटवायला जपानकर स्वतः गेले आणि नंतर चार दिवस बागेकडे फिरकले नाहीत.

त्यांच्या विद्येची खरी गोम पुढे तयारीत कळत गेली. हा मनुष्य जपानात जे काही शिकला, त्यातलं निम्मं मयताबद्दल होतं. किमोनोची डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर घेतात ती मयताला नेसवताना. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तो मृताचा नैवेद्य. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही. यातलं शेवटचं तेवढं आजींना मान्य झालं, कारण ते आपल्याकडेही आहे. बाकीच्याला त्यांनी एकदाच उत्तर दिलं: "वाढदिवस पोरीचा आहे ना रे? मग हे मयत-मयत काय लावलंयस सकाळपासून?"

मला वाटतं, परदेशाहून आलेल्या माणसांचा हा एक प्रकारच आहे. दुसऱ्याच्या देशात लोक काय आवडीनं करतात, हे त्यांना फारसं दिसत नाही. काय करायचं नसतं, ते मात्र तोंडपाठ होतं. इंग्लंडहून आलेले चमचा वाजवू देत नाहीत, जर्मनीहून आलेले कचऱ्याच्या बादल्या वेगळ्या करायला लावतात. जपानात तर वाव फारच मोठा.

डेकोरेशनवाला आला तो सोनेरी ड्रॅगन काढलेले लाल कंदील घेऊन.

"हे चिनी आहेत!"

"साहेब, गेल्या रविवारी चायनीजच्या गाडीच्या उद्घाटनाला हेच लावले. कुणी काही बोललं नाही."

जपानकरांना हवे होते कोइनोबोरी, म्हणजे बालदिनाला काठीवर फडकवतात ते कापडी कार्प मासे. काळा मोठा बापाचा, त्याखाली लाल आईचा, मग पोरांचे लहान. "मासा" एवढं ऐकून डेकोरेशनवाल्यानं गोदामातून गणपतीच्या देखाव्यातला मत्स्यावतार आणला. खाली शेपूट, वर मुकुट आणि शंखचक्रासकट हात. जपानकरांनी आधी हात मोजले. चार! परत पाठवला.

शेवटी बायकोनं जुन्या साडीचे मासे शिवले. पण मासाच का, हे सांगताना जपानकर फसले. प्रवाहाविरुद्ध पोहत, धबधबा चढून जाणारा कार्प वर पोहोचला की ड्रॅगन होतो, अशी ती कथा.

"मग हे कंदील म्हणजे वर पोहोचलेले समज," बायको म्हणाली आणि कंदील लागले.

5 मेला जपानात मुलांच्या अंघोळीच्या पाण्यात 'शोबु'ची पानं घालतात. रोगराई, वाईटसाईट जवळ येत नाही म्हणे. ती मिळवायला जपानकर तीन रोपवाटिका हिंडले. तिसऱ्या ठिकाणच्या माळ्यानं फोटो बघून सांगितलं, "वेखंड आहे की हे." घरी आजींनी फडताळातून वेखंडाचं कांड काढून दाखवलं. छकुलीच्या बाळगुटीतलं उरलेलं होतं.

निमंत्रणात वेळ होती सायंकाळी 5.00. त्याखाली टीप: 'कृपया 4.55 ला यावे.' त्याखाली खुलासा: 2017 साली त्सुकुबा एक्सप्रेस ही गाडी एका स्टेशनातून 20 सेकंद लवकर सुटली, म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली होती. त्याचा परिणाम असा, की पाहुणे पावणेसहाला आले आणि आल्या आल्या प्रत्येकानं 20 सेकंदांवर एकेक विनोद केला.

दारात चपला काढून, टोकं बाहेर करून ओळीत लावायच्या होत्या. चपला काढण्यात मराठी माणसाला नवं काही नव्हतं. ओळ लावण्यात होतं. त्या ओळीपाशी जपानकर उकिडवे बसून राहिले. संडासासाठी वेगळ्या सपाता ठेवल्या होत्या, जपानात ठेवतात तशाच, आणि त्या बाहेर आणायच्या नाहीत, असं बजावलं होतं. औक्षणाला छकुली पाटावर बसली तेव्हा त्या तिच्या पायांत होत्या.

मुलांना रद्दीच्या कागदाचे सामुराईचे टोप करायला बसवलं. हे मात्र झकास जमलं. चौकोन करा, कोपरे दुमडा, शिंगं वळवा. एका सामुराईच्या कपाळावर 'वधू पाहिजे' आलं, दुसऱ्याच्या 'मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज'. पोरं त्या टोपांत इतकी शूर दिसायला लागली, की आयांनी सोफ्यावरच्या उशा उचलून ठेवल्या.

जेवणाला सुशी होती. जपानी तांदूळ परवडेना, म्हणून मावळातला इंद्रायणी. तो चिकट होतो आणि वळला जातो. त्यात व्हिनेगर, साखर, मीठ, मधे काकडीची फाक, भोवती नोरीचा कागद. नोरी म्हणजे समुद्रातलं शेवाळ, पूर्ण शाकाहारी, असं जपानकर ताटाताटाशी जाऊन सांगत होते. पण नाकाला शाकाहार कळत नाही. बाजारात सुके बोंबील आल्यासारखा तो वास दिवाणखान्यात फिरला आणि छकुलीचे आजोबा हळूच गॅलरीत जाऊन बसले. कोकणातल्या एक काकू तेवढ्या आवडीनं खात होत्या. त्यांनी सोबत थोडं तिखटही मागून घेतलं. एका पोरानं भाताच्या डोंगरावर काडी उभी खोचून तिला कागदाचा झेंडा लावला. "काढ ती! ते मयताला...!" जपानकर ओरडले आणि आजींकडे बघून पुढचं गिळले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून खरपूस वास आला. आजींनी लाल चवळी शिजवून, गूळ घालून, पुरणयंत्रातून काढली होती आणि तव्यावर कणीक-अंड्याची जाडसर धिरडी टाकली होती. दोन धिरड्यांमधे ते पुरण. छकुलीनं एक चावा घेतला आणि किंचाळली, "डोरा केक!" सगळे सामुराई स्वयंपाकघरावर चालून गेले. आमच्या एन-1 वाल्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा जपानबद्दल तोंड उघडलं: "आजी, दोरायाकी अगदी असंच लागतं. तिथं अझुकीचं असतं, एवढाच फरक." आजी म्हणाल्या, "तूप घे अजून." जपानकर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दोन खाल्ले, पण नियमाला धरून, म्हणजे काड्यांनी.

परतभेटी फुरोशिकीत, म्हणजे चौकोनी कापडात गाठ मारून दिल्या. कापड म्हणून घरातले ब्लाउजपीस वापरले होते. त्यातला एक मी ओळखला. आमच्याच घरातून संक्रांतीला गेला होता.

शेवटचा खेळ खाली पार्किंगमधे. सुइकावारी. डोळे बांधून काठीनं कलिंगड फोडायचं, बाकीच्यांनी दिशा सांगायच्या. दिशा जपानीतच: मिगी म्हणजे उजवीकडे, हिदारी डावीकडे, मास्सुगु सरळ. कसं करायचं ते आधी जपानकर दाखवणार होते. नागोयाहून आणलेला युकाता नेसून त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली, काठी दोन्ही हातांत धरली, पोरांनी त्यांना तीन गिरक्या दिल्या.

"मास्सुगु!" पोरं ओरडली. जपानकर सरळ निघाले.

"हिदारी!" वळले.

मोठा माणूस आपण सांगू तसा चालतो, हे पोरांना त्या क्षणी उमगलं. सूचना पाळण्यात जपानकरांचा हात धरणारा सोसायटीत कुणी नाही. कलिंगड मागे राहिलं. "मिगी! मिगी! मास्सुगु!" पुढे काठी उगारलेले जपानकर, मागे रद्दीचे टोप घातलेली फौज. वॉचमन-साननं कडक सलाम ठोकून फाटक उघडलं. इकडे आजींनी कलिंगड विळीवर घेतलं.

बाहेर कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. पोरांनी "मास्सुगु" थांबवलं नाही. काठी रिक्षाच्या टपावर टेकली, तसे जपानकर थांबले आणि अदबीनं कमरेत वाकले.

रिक्षावाल्यानं पेपरातून मान वर केली नाही. म्हणाला, "तिकडं नाही येणार."