दीड दिवसाची हजेरी

१ ऑगस्टची जयंती जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत अण्णा भाऊ साठेंच्या तसबिरीवरची धूळ झटकली जाते. १९२० साली ते जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. त्यामुळे अभिमानाला दोन्हीकडे जागा. अण्णा भाऊ शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू न देणारे प्राचार्य त्यांनाच हार घालतात, आणि नेट-सेटवाले वक्ते त्यांच्या 'फकिरा' कादंबरीवर (१९५९) शोधनिबंध वाचतात. पोरं हजेरीपत्रकाची वाट बघत बसलेली. सही झाली की पसार! (अण्णा भाऊंचे खरे वारसदार तेच म्हणायचे.) स्वतः अण्णा भाऊ आले असते, तर शिपायाच्या जागेसाठीही त्यांच्याकडे दहावीची गुणपत्रिका मागितली असती, वर दोन झेरॉक्स.