कासवाला कूलर

आमच्या गाडीला रेडिएटर नाही हे ऐकल्यावर पुण्यातला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “विकून खाल्लात की काय?” गाडी म्हणजे १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसीची. घरात तिला कासव म्हणतात. कॅम्पातल्या एका बंगल्यामागे चिंचेखाली ती बारा वर्षं चाकांशिवाय विटांवर बसून होती. मी दार उघडलं तेव्हा आतून एक कोंबडी बाहेर आली आणि परत मागे वळून न बघता निघून गेली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बीटलमध्ये पाणी घालायची जागाच नसते. इंजिन मागे, चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे पडलेले, आणि सगळी मदार पंख्याच्या वाऱ्यावर आणि अडीच लिटर तेलावर. अडीच लिटर! आमच्याकडे दिवाळीच्या चकल्यांना याहून जास्त लागतं. त्यात कागदी फिल्टरही नाही, तळाशी फक्त एक जाळी. चहाच्या गाळणीची चुलत बहीण.

तीन वर्षं पगार आणि रविवार घालून गाडी रस्त्यावर आणली आणि मे महिन्यात सासवडला निघालो. दिवेघाट कासवाने हूं की चूं न करता चढला. वर आल्यावर चहासाठी थांबलो, तर समोरच्या एकुलत्या एका घड्याळात हिरवा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा तेलाच्या दाबाचा. ॲक्सिलरेटर दाबला की विझे, सोडला की लागे. मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला.

“तेलाचं पाणी झालंय, साहेब,” ते म्हणाले. “तापून पातळ झालं की दाब धरत नाही. ऑइल कूलर बसवा.”

फोन स्पीकरवर होता. सौभाग्यवतींनी बशीतला चहा संपवला. “घरात माणसांना कूलर नाही,” त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

आता गंमत अशी, की बीटलला ऑइल कूलर असतो. जन्मजात. पंख्याभोवती पत्र्याचं जे कवच असतं त्याच्या आत तो उभा असतो. पंखा वारा टाकतो, कूलर त्या वाऱ्याच्या वाटेत, आणि कूलरच्या बरोबर खाली तिसरा सिलिंडर. या रचनेतलं दुःख कळायला वाड्यात दिवस काढलेले हवेत. नारायण पेठेत आमच्या खोलीत एकच टेबलफॅन होता. दुपारी आजोबा बाहेरून आले की सदरा काढून थेट पंख्यासमोर उभे राहत. त्यांच्या मागे सतरंजीवर मी. माझ्यापर्यंत जो वारा यायचा तो आजोबांना लागून आलेला असायचा: गरम, दमट आणि तपकिरीचा वास असलेला. बीटलचा तिसरा सिलिंडर म्हणजे मी.

जर्मन इंजिनियरांना हे कळत नव्हतं असं नाही. काही वर्षांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये त्यांनी तिसऱ्याची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी सोय करून ठेवली. म्हणजे वारा देता येत नाही, तर पोराला निदान काम तरी जरा बेताने सांगा. शेवटी १९७१ च्या मॉडेलपासून त्यांनी कूलर उचलून कवचाच्या मागच्या अंगाला वेगळ्या खोपटात ठेवला आणि त्याची तापलेली हवा परस्पर बाहेर काढून दिली. तिकडे या व्यवस्थेला ‘डॉगहाउस’ म्हणतात. आपल्याकडे याला ‘वेगळं निघणं’ म्हणतात, आणि त्यानंतर सगळ्यांचंच तापमान उतरतं हाही अनुभव आहे. माझं कासव १९६६ चं, त्यामुळे एकत्र कुटुंबातलं. त्याला जादाचा कूलर बाहेरून लावणं आलं.

कूलर कुठला घ्यावा यावर सोसायटीत मतांचा पूर आला. भाच्याने त्याच्या जुन्या पल्सर २२० चा ऑइल कूलर काढून द्यायची तयारी दाखवली. तो हातात घेऊन बघितला तर दाढीच्या आरशाएवढा. तळमजल्यावरच्या काकांनी बिघडलेल्या विंडो एसीची कॉइल देऊ केली, आणि मी नको म्हटल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. या कूलरचं माप ओळींत सांगतात: दहा ओळींचा, तेराचा, सोळाचा, एकोणीसचा. ओळ म्हणजे तेल वाहायची चपटी नळी, आणि दोन ओळींच्या मध्ये वाऱ्यासाठी पत्र्याच्या झिरमिळ्या. माझ्या इंजिनाला दहाचा पुरेसा होता. मी एकोणीसचा आणला. दहात आणि एकोणीसात फरक फक्त आठशे रुपयांचा होता, आणि आठशे रुपयांत नऊ ओळी जास्त मिळत असताना दहाचा घेऊन घरी जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुकानदाराने सोबत थर्मोस्टॅटही दाखवला. तेल साधारण ८० अंशांवर येईपर्यंत हा त्याला कूलरकडे फिरकू देत नाही, परस्पर इंजिनात परत पाठवतो. किंमत ऐकून मी मिस्त्रींकडे पाहिलं.

“पुण्याला थर्मोस्टॅट कशाला, साहेब? हे काय जर्मनी आहे?”

मला हे इतकं पटलं की मी तो डबा स्वतःच्या हाताने परत फळीवर ठेवला.

बसवायची जागा ठरवायला एक अख्खा रविवार गेला. पुढे बंपरखाली वारा छान, पण इंजिन मागे. नळ्या गाडीच्या लांबीभर न्यायच्या म्हणजे तेल इंजिनात कमी आणि प्रवासात जास्त. मागे सायलेन्सरजवळ जागा आयती होती, पण तिथे कूलर लावणं म्हणजे शेगडीवर माठ ठेवणं. अखेर मागच्या डाव्या मडगार्डच्या आत, दगड लागू नये म्हणून जाळी मारून, तो टांगला. मी तो नळ्यांची तोंडं खाली करून धरला होता, तसा नीटनेटका दिसत होता. मिस्त्रींनी काही न बोलता माझ्या हातातून घेतला आणि उलटा केला. “तोंडं वर पाहिजेत. नाहीतर हवा वर अडकून बसते, अर्धा कूलर उपाशी.” पंपाचं झाकण बदलून दोन भोकांचं बसवलं: एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून आत. आटे स्वच्छ आहेत ना हे त्यांनी करंगळी फिरवून बघितलं, जसं आई डब्याच्या कडेचं तूप बघायची.

नळ्यांच्या बाबतीत मात्र मी शहाणपणा केला. भोसरीत हायड्रॉलिक होज मापाने कापून, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून मिळतो हे मला ठाऊक होतं. पण घरात पेट्रोलची रबरी नळी पडून होती आणि क्लिपाही होत्या. मे ते नोव्हेंबर काही झालं नाही. डिसेंबरातल्या एका पहाटे, दहा-अकरा अंशांत, मी गाडी सुरू केली आणि इंजिन गरम व्हायची वाट न बघता कोपऱ्यापर्यंत नेली. गार तेल म्हणजे काकवी. ते एकोणीस ओळींतून जायला तयार होईना, आणि मागून पंप ढकलत राहिला. फट् असा आवाज आला. आरशात पाहतो तो मागे निळा धूर आणि गेटपासून चौकापर्यंत तेलाची अशी सलग, डौलदार रेघ, की सडा घालायला आलेल्या बाई थबकून बघत उभ्या राहिल्या. हिरवा दिवा या वेळी लुकलुकला नाही. तो ठाम होता. मी तत्क्षणी किल्ली फिरवली म्हणून इंजिन वाचलं. काकांनी, ज्यांची कॉइल मी नाकारली होती, अत्यंत आनंदाने बादलीभर राख आणून रस्त्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी भोसरीला गेलो.

नव्या नळ्या घालताना मिस्त्री म्हणाले, एवीतेवी तेल सांडलंच आहे, इंजिन खाली घेऊन कवच उघडून बघू. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांवर असतं. जॅक लावला की अर्ध्या तासात मांडीवर. कवच उघडलं, आणि आम्ही दोघंही गप्प झालो. जन्मजात कूलरच्या पायथ्याशी, तिसऱ्या सिलिंडरच्या वर, उंदराचं घरटं होतं. चांगलं दोन पिढ्या नांदलेलं. त्यात काथ्या होता, सीटचा स्पंज होता, चिंचोके होते आणि कोंबडीची पिसं होती. शिवाय इंजिनाच्या खोलीभोवती जी रबरी पट्टी असते, खालची तापलेली हवा वर येऊन पंख्यात परत जाऊ नये म्हणून, ती निम्मी गायब होती. म्हणजे इतके दिवस पंखा सायलेन्सरची गरम हवा ओढून घरट्यावर फुंकत होता. पोटमाळ्यावर मे महिन्यात दुलई घेऊन झोपल्यासारखी माझ्या सिलिंडरची अवस्था होती.

घरटं काढलं, पट्टी नवी लावली, सगळं परत चढवलं. पट्टीचे दोनशे ऐंशी रुपये झाले. बाकीचा हिशेब मी एका वहीत लिहिला आहे आणि ती वही कुठे आहे हे मला आठवत नाही.

आता नवीनच पंचाईत झाली. मी तेलाच्या तापमानाचा काटा बसवून घेतला होता. तो थंडीत ६० च्या वर चढेना. तेल गार असलं की बरं, हा माझा भ्रम. ते चांगलं ८०-९० च्या पुढे गेलं नाही तर इंजिनात झिरपणारं पेट्रोल आणि हवेतलं पाणी उडून जात नाही, तेलातच मुरतं. एका सकाळी तेलाचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला ताकावर येतं तसं पांढुरकं लोणी. बोटाने काढून मिस्त्रींना दाखवलं.

“थर्मोस्टॅट लावायला पाहिजे होता,” मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गाडीकडे बघत होते.

खरं तर कूलर काढून टाकला तरी चाललं असतं. पण अख्ख्या सोसायटीला सहा महिने कूलर-पुराण ऐकवून झालं होतं, आणि काका रोज संध्याकाळी खाली येऊन मडगार्डमध्ये डोकावत होते. तेव्हा एका रविवारी मी माळ्यावरून हापूसची रिकामी पेटी काढली, तिचा पुठ्ठा कूलरच्या मापाने कापला आणि जाळीच्या आत तारेने बांधून टाकला. पुढच्या रविवारी दिवेघाट चढलो. काटा ९२ वर, हिरवा दिवा गप्प. वर चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने खाली वाकून मडगार्डमधला पुठ्ठा वाचला.

“देवगडचा का?” त्याने विचारलं.