आईचं घर आणि किटली
इंग्लंडात एका इस्टेटीचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र अंमलात आणायचा कोर्टाचा परवाना, एका वेळी जास्तीत जास्त ४ एक्झिक्युटरांना मिळतं. त्यांच्यासाठी वकीलही चारच हवेत, असं कायदा म्हणत नाही. ते आपोआप होतं.

आई गेल्यावर भावंडांचं चहाच्या टेबलावर ‘घर तू घे, पैसे आम्हाला दे’ असं ठरतं, बिस्किटंही संपतात. पण १९८९च्या कायद्यानुसार घर विकण्याचा करार लेखी हवा, सगळ्या अटी त्यात हव्यात, वर सगळ्यांच्या सह्या. रक्ताच्या नात्याला शाईचा जामीन! तंटा कोर्टात जाऊन तडजोडीने मिटला तर ‘टॉमलिन ऑर्डर’ : दावा स्थगित, अटी परिशिष्टात, कुणी फिरलंच, तर नवा दावा न लावता अंमलबजावणी मागायची.

आईची किटली मात्र कुठल्याच परिशिष्टात नाही. ती धाकटीने पहिल्याच दिवशी पिशवीत घातली.